फक्त बोलण्याचा पॅक

गोरक्षने पल्लवीच्या फोनवरची प्लॅनची यादी बोटाने खालपर्यंत सरकवली, पुन्हा वर आणली आणि फोन काचेवरून तिच्याकडे परत ढकलला.

"ताई, यापेक्षा स्वस्त काही नाही."

"हा स्वस्त आहे?"

"नाही, महागच आहे. पण महागातला सगळ्यात स्वस्त हाच."

नाशकातल्या पेठ नाक्यावरचं त्याचं दुकान दोन माणसं उभी राहिली की भरून जायचं. भिंतीवर मोबाइलची कव्हरं, चार्जर, काचा आणि त्या सगळ्याच्या मधोमध गोरक्ष. गिऱ्हाइकाला नाही म्हणताना त्यालाच जास्त वाईट वाटतं, असा त्याचा चेहरा होता. पल्लवी त्याच्याकडे दोन वर्षं येत होती. आजवर ती यायची, नंबर सांगायची, पैसे द्यायची आणि ड्यूटीला पळायची. आज ती निवांत उभी होती आणि ते तिला स्वतःलाच टोचत होतं.

"माझं राहू द्या, माझा अजून आठवडाभर चालेल," ती म्हणाली. "बाबांचा उद्या संपतोय. त्यांचं बघा."

"बाबांना दुसऱ्या कंपनीत टाका ना. नंबर तोच राहतो, नव्या गिऱ्हाइकाला ऑफर पण आहे."

"त्या कंपनीची रेंज आमच्याकडे येते का?"

"तुमच्याकडे म्हणजे?"

"पेठच्या पुढे. डांबरी रस्ता संपला की अजून पुढे."

गोरक्षने आपल्या फोनवर कंपनीचा नकाशा काढला आणि तिच्यासमोर धरला. "हे बघा, सगळं हिरवं दाखवतंय. हिरवं म्हणजे रेंज फुल."

"दादा, तिथं सगळं हिरवंच आहे. जंगल आहे ते."

गोरक्ष हसला, पण नकाशा त्याने लगेच मिटला. पाड्यावर एकाच कंपनीची रेंज यायची आणि तीही सगळीकडे नाही. टेकाडावर पाण्याची टाकी होती, तिच्या पेठकडच्या अंगाला उभं राहिलं तरच. हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कंपनीला तेवढं माहीत नव्हतं.

"नवीन सिम घेतलं तर?" गोरक्षने आणखी एक खडा टाकून पाहिला. "पहिला महिना जवळजवळ फुकट."

"नंबर बदलेल. नको."

"फोन कुठला आहे त्यांच्याकडे?"

"बटणांचा."

"बटणांचा!" गोरक्षने कपाळावर हात मारला. "मग तुम्ही त्याच्यावर रोजच्या दीड जीबीचा पॅक कशाला मारताय एवढे दिवस?"

"तुम्हीच मारताय, दादा. मी फक्त पैसे देते."

खरं होतं ते. दोन वर्षं रोज दीड जीबी त्या टेकाडावर येत होता आणि कोणी हात न लावता वाया जात होता. पल्लवीलाही ते कधी सुचलं नव्हतं. पगार होता तोवर सुचायची गरजच पडली नव्हती.

"फक्त बोलण्याचा पॅक आहे की," गोरक्ष म्हणाला. आवाज जरा पडला होता. "डेटा नाही काही नाही. मुदत लांब. एकदा मारला की तीन महिने बघायला नको."

"मग हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"कोणी मागतच नाही, ताई. आपोआप तोंडात येतच नाही ते."

पैसे एकदम द्यायचे होते, पण महिन्याच्या हिशेबाने पाहिलं तर बरंच कमी पडत होतं. पल्लवीने तो मारायला सांगितला. आपला पॅक संपला की मग खोलीतल्या निकिताच्या हॉटस्पॉटवर भागवू, असं तिने मनाशी ठरवलं. फोन मात्र चालू राहिला पाहिजे होता, बाबांचा आधी.

"झालं," गोरक्ष म्हणाला. "आता किती पण बोला म्हणावं."

"आम्ही बोलत नाही," पल्लवी म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

गोरक्ष तिच्याकडे बघत राहिला. त्याचा काय समज झाला असेल कोण जाणे. पण ती बोलली ते अगदी खरं होतं.

रोज सकाळी तिचा बाप मंगळू शेळ्या सोडायचा, त्यांच्यामागून टेकाडावर चढायचा आणि टाकीजवळ उभा राहून लेकीचा नंबर लावायचा. इकडे नाशकात एक रिंग वाजली की पल्लवी फोन कापायची. झालं. त्याच्या रिंगचा अर्थ, इकडं सगळं बरं आहे. तिच्या कापण्याचा अर्थ, मीही बरी आहे. लागोपाठ दोनदा रिंग आली तर काहीतरी सांगायचं आहे, मग तिने सवडीने उलटा फोन करायचा. आणि पहिल्या रिंगला उचलायचा तो फक्त काही बिनसलं असेल तर. ती एएनएमचं, म्हणजे नर्सचं, शिकायला नाशिकला आली तेव्हा, एकेका मिनिटाचे पैसे कापले जायचे त्या काळात, दोघांनी हे ठरवलं होतं. नंतर बोलणं फुकट झालं. ते पल्लवीने बाबांना दोन-तीनदा समजावूनही सांगितलं. मंगळूने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच रिंग दिली. कामाशिवाय फोनवर काय बोलायचं असतं, हे त्याला येत नव्हतं. तसं तिलाही येत नव्हतं.

एवढ्या वर्षांत तिने फोन उचलण्याची वेळ कधी आली नव्हती. आणि जेव्हा खरी आली तेव्हा तिने तो कापला.

गंगापूर रोडवरचं, ती काम करायची ते छोटं हॉस्पिटल दिवाळीत बंद झालं. डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस थकले होते, मुलाकडे पुण्याला जायचं त्यांनी ठरवलं. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, पगार चुकता केला, मिठाईचा बॉक्स हातात ठेवला. भांडायलाही जागा ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची रिंग वाजली, पल्लवीने सवयीने कापली आणि मग फोनकडे बघत बसून राहिली. एक शब्दही न बोलता आपण बाबांशी खोटं बोललो, हे तिला तेव्हाच कळलं. पण त्याच्या पुढच्या सकाळीही तिने कापलाच. महिना उलटून गेला तरी ती कापतच होती.

"सांगून टाक ना एकदाचं," निकिता त्या संध्याकाळी म्हणाली. निकिता तिची खोलीतली जोडीदारीण, अंबडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. "मारणार आहेत का तुला?"

"मारतील कशाला? लगेच न्यायला येतील."

"मग जा चार दिवस. आराम कर."

"आमच्याकडची आशा अशीच गेली होती चार दिवस. इथं शिवणकामाला होती. दुकान सुटलं, म्हणाली जरा घरी जाऊन येते." पल्लवीने भाजीचं झाकण काढून उगाच ढवळलं. "आता तिला दोन पोरं आहेत. शिवणयंत्र माळ्यावर पडलंय."

"तुझे बाबा तसे आहेत?"

"बाबा लय चांगले आहेत. तीच तर पंचाईत आहे. ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते नुसतं 'चल पोरी' म्हणतील आणि माझी पिशवी उचलतील. मग मी काय करू?"

पल्लवीला घरी जायचं नव्हतं. घर तिला आवडत नव्हतं असं नाही; तिथला डोंगर, आई, शेळ्यांचा वास, सगळ्याची तिला आठवण यायची. पण पाड्यातून बाहेर पडून, परीक्षा देऊन, पांढरे कपडे घालून उभी राहिलेली ती पहिलीच मुलगी होती. परत गेलो की संपलं, ही भीती तिला रोज सकाळी त्या एका रिंगबरोबर वाटायची. काम मिळालं की सांगू. आधी मिळालं, मग जुनं सुटलं, असं उलटं सांगू. तेवढंच तिला हवं होतं.

पण काम मिळत नव्हतं. कॉलेज रोडच्या क्लिनिकला तिच्यापेक्षा जास्त शिकलेली हवी होती. नाशिक रोडच्या एका नर्सिंग होमला रात्रपाळी करणारी हवी होती, ती त्यालाही तयार होती, तर त्यांनी "कळवतो" म्हणून सांगितलं. मधल्या काळात तिचा स्वतःचा पॅक संपला आणि तिनेही फक्त बोलण्याचाच मारला. नर्सेसच्या ग्रुपवर काय आलं ते बघायला तिला निकिता कामावरून येईपर्यंत थांबावं लागे. निकिता आली की चप्पल काढायच्या आधी हॉटस्पॉट लावून द्यायची आणि मगच हातपाय धुवायला जायची. अशाच एका संध्याकाळी सगळे मेसेज एकदम टणाटण येऊन पडले. त्यात नाशिक रोडचाही होता. जागा भरली, शुभेच्छा.

पल्लवीने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. जेवताना ती निकिताच्या सुपरवायझरची नक्कल ऐकून हसलीसुद्धा.

सकाळी फोन वाजला तेव्हा ती चहाचं आधण ठेवत होती. निकिता नुकतीच गेली होती. ओट्यावरून फोन थरथरत पुढे सरकला. तिने तो घेतला, अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि तिथंच थांबला. रिंग वाजत राहिली. आज तिला कापवेना. मुद्दाम ठरवून नाही, नुसतंच कापवेना. तिने फोन उचलला आणि कानाला लावला.

पलीकडे वारा होता. एका शेळीच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली. मग श्वास, चढून आल्यावर लागलेला. बाबा बोलले नाहीत. तीही बोलली नाही. बोलायला तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची तिला खात्री नव्हती. तेवढ्यात तिकडून फोन कापला गेला.

चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली. बाप रे, हे काय केलं आपण! तिने लगेच फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. बाबा टाकीपासून हलले होते, म्हणजे आता पेठला पोचेपर्यंत ते लागणार नव्हते. आणि ते हलले कशाला, हे तिला न सांगता कळत होतं. लेकीने पहिल्या रिंगला फोन उचलला, वर तोंडातून शब्द नाही. अपघात झाला असेल, कोणी काही केलं असेल, काय काय आलं असेल त्यांच्या मनात. आपल्या मूर्खपणाने बापाला घाबरवलं म्हणून तिला स्वतःचा भयंकर राग आला. चहा ओतून देऊन ती खोली आवरायला लागली. अंथरुणं दोनदा घडी केली. फोन दहा मिनिटांनी लावत राहिली. फुकट होता, कितीही वेळा लावता येत होता, आणि काडीचा उपयोग नव्हता.

काय सांगायचं ते तिने आवरता आवरता ठरवून ठेवलं. नवा पॅक आहे, बोलायला पैसे लागत नाहीत, म्हणून सहज उचलला. ऐकायला बरं वाटत होतं. खोटंही पूर्ण नव्हतं.

ऊन जिन्यात आलं तेव्हा मंगळू दारात उभा होता. टोपी काढून त्याने काखेत धरली होती, धुतलेला शर्ट घातला होता. हातात काही नव्हतं. बाबा पिशवीशिवाय आलेले तिने आजवर पाहिले नव्हते. निदान नागलीचं पीठ तरी असायचंच. किती घाईने निघाले असतील!

"बाबा, मला काही झालेलं नाही," तो चप्पल काढायच्या आतच ती सुरू झाली. "मी एकदम बरी आहे. बघ, धडधाकट. तुझा पॅक बदलला ना, आता फक्त बोलण्याचा आहे, तीन महिने चालतो. माझाही तोच आहे. आता बोलायला काही पडतच नाही, म्हणून म्हटलं आज उचलू. सहज. तू उगाच घाबरलास."

"बरं," मंगळू म्हणाला.

"मी किती वेळा लावला तुला. तू खाली उतरलास."

"गाडी धरायची व्हती. फोन घरीच ऱ्हायला."

तो आत येऊन भिंतीला टेकून बसला. तिने पाणी दिलं. तो ते सावकाश प्यायला, पेला त्याने जमिनीवर ठेवला आणि ओल्या बोटांनी मिशा पुसल्या. घाबरून धावत आलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. बाजाराच्या दिवशी उतरून आल्यासारखा बसला होता. पल्लवीला जरा हायसं वाटलं आणि ती आणखी बोलू लागली. गोरक्षचा नकाशा कसा हिरवा होता, ऑफरवाल्या कंपनीची तिकडे रेंजच कशी नाही, दोन वर्षं डेटा कसा वाया गेला. मंगळू ऐकत होता. मध्येच "हां," म्हणत होता.

"आई कशी आहे?"

"बरी हाय. ढोपर दुखतंय, बाकी बरी हाय."

"मी आज घरी आहे म्हणून बरं झालं, नाहीतर तू इथं येऊन..." ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

आज बुधवार होता. बाहेर दुपार झाली होती. बाबा तिला भेटायला आले की सरळ हॉस्पिटलवर जायचे, गेटजवळच्या बाकावर ड्यूटी संपेपर्यंत बसायचे आणि मग दोघं मिळून खोलीवर यायचे. या खोलीवर ते एकटे कधीच आले नव्हते.

"तू हॉस्पिटलवर नाही गेलास?" तिने विचारलं.

मंगळूने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड सारखी केली.

"गेलतो," तो म्हणाला. "आज नाय. नवा भात निघाला ना, तवा. तांदूळ घेऊन आलतो तुला. गेटाला कुलूप. वॉचमन म्हणला, बंद झालं बाबा, दिवाळीलाच."

"मग इथं का नाही आलास?"

"येतच व्हतो. नाक्यापर्यंत आलो पण. मग म्हटलं, सकाळी तर तू कापलास फोन. म्हंजी तुला नसंल सांगायचं. मी कशाला येऊन उभा राहू? दुसऱ्या दिशी परत लावला. परत कापलास. म्हटलं ऱ्हाऊ दे. सांगायचं असंल तवा उचलंल."

खालच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. पल्लवीला एकदम तो सगळा काळ दिसला. रोज सकाळी टेकाडावर चढून येणारा बाप, सगळं माहीत असलेला, आणि रोज एक रिंग देऊन, ती कापली गेलेली ऐकून, शेळ्यांमागे निघून जाणारा. ती त्याला फसवत होती असं तिला वाटत होतं. आणि तो तिला रोज विचारत होता.

"आणि तांदूळ?" तिने विचारलं, कारण दुसरं काही विचारायला सुचेना.

"वॉचमनला दिला. एवढं वझं परत कुठं वाहून नेऊ? आईला म्हटलं, पल्लवीला दिला." मंगळू पहिल्यांदाच जरा ओशाळला. "ती सारखी इचारती मला, कसा शिजला म्हणून. तू काय तरी सांग तिला. मऊ झाला म्हण."

पल्लवीला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. तिने ओढणीने तोंड दाबलं, पण ते आता थांबण्यातलं नव्हतं. पाण्याचा पेला मंगळूने तिच्या बाजूला सरकवला आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत राहिला.

तिने ओढणीने डोळे पुसले.

"मला न्यायला आलास?"

मंगळूने तिच्याकडे पाहिलं. मग खोलीभर नजर फिरवली. दोन अंथरुणं, एक शेगडी, खिळ्याला इस्त्री करून टांगलेला पांढरा ड्रेस.

"चारच्या गाडीनं जातो मी," तो म्हणाला. "शेळ्या तुझ्या आईच्या गळ्यात मारून आलोय, ती बडबडत असंल. तवर येळ हाय. सांग."

पल्लवी त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. कुठून सुरू करावं ते तिला कळेना, म्हणून तिने आधी मिठाईच्या बॉक्सचं सांगितलं.